गाडीचं कूलंट जातंय कुठे? इंजिन खोलण्याआधी करायच्या ७ तपासण्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुनी गाडी घेऊन धंदा कसा सुरू करायचा ते पाहिलं. टिफिन, केटरिंग, भाजीपाला, मंडप-डेकोरेशन, टूर्स... यातल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी सेकंड हॅन्डच असते आणि त्यात काही वावगं नाही. पण जुन्या गाडीचा एक आजार असा आहे की तो हळूहळू येतो, आवाज करत नाही आणि एक दिवस थेट इंजिनच घेऊन जातो. तो म्हणजे कूलंट कमी होणं.

गाडीखाली थेंब दिसत नाही. धूर नाही. काटा मध्यावर. तरी दर आठ-दहा दिवसांनी बाटलीत पातळी खाली गेलेली. आपण काय करतो? वरून पाणी ओततो आणि निघतो. मग कधीतरी गॅरेजला दाखवतो, तिथे कुणीतरी म्हणतं, "दादा, हेड गेलंय, उतरवावं लागेल." आणि आपण घाबरून हो म्हणतो.

आजचा मुद्दा एकच, वहीत लिहून घ्या: आधी मोजा, मग तपासा, मग खोला. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर. अंदाजाने केलेली दुरुस्ती ही सगळ्यात महाग दुरुस्ती असते.

कूलंट कमी झालं तर एवढं काय बिघडतं?

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असेल तर हा आकडा थोडा वर जातो. त्यावर रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते, म्हणून बंद यंत्रणेत तो १२५ अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे कॅप ही नुसतं झाकण नाही, ती प्रेशर कुकरच्या शिटीसारखं काम करते.

पातळी खाली गेली की इंजिनात हवा शिरते. हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. त्यात एक फसवी गोष्ट अशी की काट्याचा सेन्सर कूलंटात बुडालेला असला तरच खरं सांगतो. कूलंट त्याच्याखाली गेलं तर इंजिन तापत असतानाही काटा शांत दिसू शकतो. त्यामुळे "काटा तर मध्यावरच होता" हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येतं. इंजिनचं हेड बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं. एकदा जास्त तापलं की ते वाकतं आणि मग लेथवाल्याकडे नेऊन फेस मारण्यावाचून पर्याय राहत नाही.

ज्याचा अख्खा धंदा एका गाडीवर आहे, त्याच्यासाठी हा गाडीचा प्रश्न राहत नाही. उद्याची ऑर्डर पोहोचणार की नाही, हा प्रश्न होतो.

आधी सुरक्षितता

इंजिन गरम असताना कॅप उघडायची नाही. म्हणजे नाहीच. आतलं कूलंट १०० अंशांच्या वर असू शकतं, दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि हात-तोंड भाजतं. सगळं बघायचं ते सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. दुसरं, कूलंट विषारी असतं आणि चवीला गोडसर लागतं. सांडलेलं लगेच पुसा, डबा लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागू देऊ नका.

तयारी: सात दिवसांची वही

कुठल्याही तपासणीआधी हे करा. कूलंटच्या बाटलीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावा. रोज सकाळी थंड गाडीत चार गोष्टी लिहा:

- तारीख आणि किलोमीटर
- पातळी चिकटपट्टीपासून किती खाली
- किती मिली भरलं (औषधाच्या मापाने किंवा मापाच्या कपाने, अंदाजाने नाही)
- काल गाडी कुठे गेली: गावात, हायवेला की घाटात, भरलेली की रिकामी, एसी चालू की बंद

गाडीत कॅप कुठे आहे तेही बघून ठेवा. काही गाड्यांत दाबाची कॅप रेडिएटरवर असते आणि शेजारची बाटली साधी असते. काहींत दाबाची कॅप बाटलीवरच असते. पहिल्या प्रकारात रेडिएटरची कॅप थंड असताना उघडून आतही बघायचं. कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. गाडी थंड होताना रेडिएटर बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतो. कॅपचं रबर कडक झालं असेल किंवा मधली बारीक नळी चिरली असेल, तर तो कूलंटऐवजी हवा ओढतो. बाटली बघून आपण निर्धास्त असतो आणि आत दुष्काळ असतो.

आता तपासण्या बघूया. क्रम बदलू नका.

१. नुकतंच काही काम झालंय का?

महिन्याभरात रेडिएटर, होज पाईप, वॉटर पंप किंवा कूलंट बदललं असेल तर आत हवा अडकलेली असू शकते. ती निघते तशी पातळी पहिले काही दिवस खाली जाते. एक-दोनदा भरल्यावर थांबली तर गळती नाही. थांबली नाही तर पुढे चला.

२. कॅप

कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांत ०.९ किंवा १.१. कॅपची स्प्रिंग थकली की ती कमी दाबालाच उघडते, कूलंट बाटलीत जातं, बाटली भरली की ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. हे चालत्या गाडीत घडतं, म्हणून पार्किंगची जमीन कोरडी असते. गॅरेजमध्ये हातपंपाच्या टेस्टरवर कॅप तपासता येते, पाच मिनिटांचं काम आहे. टेस्टर नसेल तर त्याच आकड्याची नवी कॅप घ्या. जास्त आकड्याची बसवू नका, जुने पाईप तो दाब सहन करणार नाहीत.

३. बाहेरचे कोरडे डाग

गरम भागावर पडलेला थेंब जमिनीवर येण्याआधीच वाळतो. मागे उरतो तो पांढरा, हिरवट किंवा गुलाबी खरवडीसारखा थर. म्हणून ओलं शोधू नका, वाळलेलं शोधा. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि हे बघा:

- होज पाईपची टोकं आणि क्लिपा. काही क्लिपा फक्त थंडीत गळतात, कारण रबर आक्रसतं. गाडी तापली की गळती बंद.
- रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते ती कड. इथली चीर बऱ्याचदा गाडी तापल्यावरच उघडते.
- वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथून ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरलेत. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलायचा का ते विचारा, कारण खोलण्याची मजुरी एकच लागते.
- इंजिन ब्लॉकच्या बाजूचे आणि मागचे गोल पत्र्याचे डमे. जुन्या गाडीत हे आतून गंजतात.

इथे एक घोटाळा टाळा. एसी चालू असताना गाडीखाली पडणारं पाणी बिनरंगाचं आणि बिनवासाचं असतं, ते कूलंट नाही. पांढऱ्या कागदावर थेंब धरा. रंग आणि चिकटपणा असेल तरच संशय घ्या.

४. केबिनच्या आत

हिटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर असतो. तो गळला तर बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून हात लावा. ओलं आणि चिकट लागतंय का? ब्लोअर लावल्यावर समोरच्या काचेवर तेलकट वाफ धरते का? गोडसर वास येतो का? तीनपैकी एक जरी असेल तरी हिटरकडे बघा.

५. प्रेशर टेस्ट

इथून पुढे गॅरेजची मदत घ्या. थंड इंजिनवर कॅपच्या जागी हातपंप लावतात आणि कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरतात. पंधरा-वीस मिनिटं काटा हलला नाही, तर त्या क्षणी तरी गळती नाही. काटा पडला आणि बाहेर थेंब दिसला, तर जागा सापडली. काटा पडला पण बाहेर काहीच नाही, तर कूलंट आत जातंय.

मात्र टेस्ट पास झाली म्हणजे सगळं ठीक असं नाही. गाडी तापल्यावरच उघडणारी चीर आणि शाफ्ट फिरतानाच गळणारा पंप या टेस्टमध्ये सुटू शकतात. म्हणून सहावी पायरी आहे.

६. चमकणारा रंग

कूलंटमध्ये मिसळायचा एक रंग मिळतो, तो यूव्ही टॉर्चखाली चमकतो. तो टाकायचा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवायची आणि रात्री अंधारात बॉनेट उघडून टॉर्च मारायचा. कूलंट जिथून निघालं तिथपासून जिथे वाळलं तिथपर्यंतची रेघ दिसते.

७. आतली गळती: हेड गॅस्केट

सगळ्यांना आधी हेच आठवतं, पण याचा नंबर सातवा आहे. खुणा अशा:

- थंड गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो. इंजिन तापायच्या आधीच दाब आला, म्हणजे तो सिलिंडरमधून आला.
- बाटलीत सतत बुडबुडे येतात.
- गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. थंडीत सकाळी थोडा वेळ येणारी वाफ वेगळी.
- एक स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ असतो. आत वाफेने धुतला जातो म्हणून.
- डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर असेल तर घाबरू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर तो दमटपणामुळेही येतो.

खात्रीसाठी एक साधी टेस्ट आहे. निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि चालू इंजिनमध्ये तिथली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. बारीक गळती एका वेळी पकडली जाईलच असं नाही, म्हणून संशय असेल तर परत करा. ही टेस्ट न करता कुणी हेड उतरवायला सांगत असेल, तर आधी टेस्ट करायला सांगा.

डिझेल गाडी असेल तर ईजीआर कूलर विसरू नका. तो आतून फुटला की कूलंट थेट सायलेन्सरच्या वाटेने निघून जातं आणि लक्षणं हेड गॅस्केटसारखीच दिसतात.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, पुण्यात तुमचं केटरिंगचं काम आहे आणि बारा वर्षं जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तुम्ही सात दिवसांची वही ठेवली. सोमवार ते शुक्रवार गावातल्या गावात रोज ४०-५० किलोमीटर, पातळी जवळपास तशीच. शनिवारी साताऱ्याची ऑर्डर, भरलेली गाडी, खंबाटकी चढून जाऊन-येऊन साधारण २२० किलोमीटर. रविवारी सकाळी ३०० मिली भरावं लागलं.

वहीनेच अर्धं उत्तर दिलं. गळती रोजची नाही, ती चढावर दाब आणि उष्णता वाढल्यावर होते. म्हणजे उभ्या गाडीखाली डोकावून काही सापडणार नव्हतंच.

कॅप टेस्टरवर लावली. आकडा ०.९, उघडली ०.५ ला. नवी कॅप बसवली. पुढच्या शनिवारी त्याच रस्त्याने, तेवढंच वजन घेऊन गेलात. आता ३०० ऐवजी १०० मिली. कमी झालं, थांबलं नाही.

इथे बरेच जण म्हणतील, "कॅप वाया गेली." नाही, वाया गेली नाही. एक गळती बंद झाली आणि दुसरी उघडी पडली. जुन्या गाडीत असं होतंच. थकलेली कॅप पूर्ण दाब धरत नव्हती, म्हणून रेडिएटरचा कच्चा जोड झाकलेला होता. नव्या कॅपने दाब पूर्ण धरला आणि जोड बोलायला लागला. थंड गाडीवर प्रेशर टेस्ट पास. मग यूव्ही रंग टाकला, घाट चढून आलात आणि रात्री टॉर्च मारला. फॅनमागे, प्लॅस्टिक टाकीच्या कडेला हिरवी रेघ. रेडिएटर बदलला. तिसऱ्या शनिवारी शून्य मिली.

आता हिशोब बघा. हे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव वेगळे असतील.

- वाट पहिली, अंदाजाने: हेडचं काम ₹१८,०००. गाडी चार दिवस बंद, रोजची कमाई ₹२,५०० धरली तर ₹१०,०००. एकूण ₹२८,०००. आणि एवढं करून गळती तशीच.
- वाट दुसरी, क्रमाने: कॅप ₹४००, टेस्ट आणि रंग ₹१,०००, रेडिएटर ₹५,०००, एक दिवस बंद ₹२,५००. एकूण ₹८,९००. गळती बंद.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, बंद दिवसांची कमाई खर्चात धरली आहे. गॅरेजच्या बिलात ती नसते, म्हणून आपण ती विसरतो. दोन, एका वेळी एकच बदल केला आणि परत त्याच रस्त्यावर मोजलं. कॅप, पंप, रेडिएटर सगळं एकदम बदललं असतं, तर कशामुळे थांबलं हे कधीच कळलं नसतं.

हे करू नका

- नळाचं किंवा बोअरचं पाणी रोज ओतत राहणं. रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. पण त्यातले क्षार आत थर धरतात आणि प्रत्येक वेळी कूलंट पातळ होत जातं. गंजरोधक संपलं की इंजिन आतून खायला लागतं. भरायचं तर डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका आणि फक्त रंग बघून जात ठरवू नका.
- हळद किंवा गळती बुजवणारी पावडर. ट्रकवाल्यांचा हळदीचा तोडगा जुना आहे आणि आडरानात तो कामाला येतोही. पण जी हळद चीर बुजवते तीच रेडिएटरच्या आणि हिटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घरी आलात की सगळं धुऊन काढायचं.
- थर्मोस्टॅट काढून टाकणं. "काढून टाकतो, गाडी तापणारच नाही" असं सांगतात. मग इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते. गळती मात्र जिथल्या तिथे.

ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी

आपल्यात बरेच मित्र ऑटोमोबाईल आयटीआय केलेले आहेत, त्यांनी हा भाग दोनदा वाचा. कॅप टेस्टर, प्रेशर टेस्टर, निळ्या द्रवाची टेस्ट, यूव्ही टॉर्च: इंजिन उतरवायच्या सामानापुढे ही गुंतवणूक किरकोळ आहे. पण यातून तुम्ही एक वेगळी सेवा विकू शकता, ती म्हणजे तपासणी.

तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि आधी सांगा. "ताई, आज फक्त तपासणी करतो, एवढे रुपये. काय सापडलं ते लिहून देतो. काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा." कागदावर तीन ओळी लिहा: काय तपासलं, काय सापडलं, काय सापडलं नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. "हेड गॅस्केटची टेस्ट केली, ठीक आहे" असं लिहून देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे माणूस परत येतो आणि चार जणांना घेऊन येतो. तपासणी फुकट दिली की तिचा खर्च दुरुस्तीतून वसूल करावा लागतो, आणि तिथूनच नको असलेल्या दुरुस्त्या सुरू होतात.

आणि गाडी ठेवायची की विकायची?

गळती बाहेरची असेल तर दुरुस्त करा, फार विचार नको. हेड गॅस्केट सिद्ध झालं असेल तर तीन आकडे एका कागदावर मांडा: दुरुस्ती अधिक बंद दिवसांचं नुकसान, दुरुस्तीनंतर गाडीची बाजारातली किंमत, आणि तशाच दुसऱ्या गाडीला लागणारे पैसे. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ जायला लागला तर थांबा आणि घरच्यांशी बोला. विकायची ठरली तर घेणाऱ्याला खरं सांगून विका. गाव छोटं असतं, आणि धंदा नावावर चालतो.

आजचा गृहपाठ

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडा, बाटलीवर चिकटपट्टी लावा आणि पहिली नोंद करा. गळती नसली तरी करा. निरोगी गाडीची सात दिवसांची नोंद हाताशी असेल, तर पुढे काही बिघडलं की पहिल्या आठवड्यातच कळेल.

तुमच्या वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा: गाडी किती जुनी, कुठल्या रस्त्यावर किती मिली गेलं. गाडीचा नंबर टाकू नका. निवडक नोंदी घेऊन आपण पुढच्या व्हिडिओत एकत्र तपासणी करू.

भेटूया. तोपर्यंत मोजत राहा!